छोट्या बँडसाठी डिजिटल मिक्सर : टॅबवर चालणारा घ्यावा की फेडरवाला?

कीबोर्डच्या मागून

नमस्कार मंडळी.

आमचा पाच जणांचा बँड आहे. ड्रम, बेस, गिटार, कीबोर्ड (तो मी) आणि गायिका. गिटारवाला आणि मी मागून साथ गातो, म्हणजे गाण्याचे माइक तीन. आजवर बारा चॅनलच्या ॲनालॉग मिक्सरवर निभावलं. तो माझ्या डाव्या हाताला स्टँडवर असतो आणि वाजवता वाजवता मीच सांभाळतो. वेगळा साउंडवाला आमच्याकडे नाही, इतक्यात मिळेल असंही नाही.

बदलायचं कारण असं की या मिक्सरला मॉनिटरसाठी (स्टेजवर वाजवणाऱ्यांना ऐकवणारे स्पीकर) ऑक्स, म्हणजे वेगळं मिश्रण पाठवायच्या वाटा, दोनच आहेत. एक गायिकेला, दुसरा उरलेल्या चौघांत मिळून. ड्रमरला बेस हवा असतो, गिटारवाल्याला नेमका तोच नको असतो. मागच्या कार्यक्रमात तिसऱ्या गाण्यापासून गायिकेला स्वतःचा आवाजच ऐकू येईना. मी तिचा ऑक्स वाढवला की शिट्टी सुटायची, कमी केला की तिचा हात पुन्हा वर. ती शेवटपर्यंत ताणून गायली आणि पुढचे दोन दिवस तिचा घसा बसला होता. हे माझ्यामुळे झालं, ही गोष्ट मनातून जात नाही.

आमची यादी: ड्रमचे चार माइक (किक, स्नेअर आणि डोक्यावरचे ओव्हरहेड दोन), बेसची डीआय (वाद्य थेट मिक्सरला जोडायची डबी), इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पसमोर एक माइक, अकूस्टिक गिटारची डीआय, कीबोर्डचे दोन, गाण्याचे तीन. झाले बारा. पुढे लॅपटॉपवरून ट्रॅक लावले तर आणखी दोन.

तीन नावांवर येऊन थांबलोय: बेहरिंगर एक्सआर१८, ॲलन अँड हीथ सीक्यू-१८टी आणि बेहरिंगर एक्स३२ कॉम्पॅक्ट. पहिला पूर्ण टॅबवर चालतो, दुसऱ्याला स्वतःचा सात इंची टचस्क्रीन आहे, तिसऱ्याला खरे फेडर (आवाज कमी-जास्त करायचे सरकते खटके). नुसत्या टॅबवर भरवसा ठेवावा का? आणि ४८ किलोहर्ट्झ की ९६ (आवाजाचे सेकंदाला किती हजार नमुने घ्यायचे ते), याने आमच्यासारख्यांना काही फरक पडतो का?

रिमशॉट

आम्ही चार वर्षं एक्सआर१८ वापरतोय. मी ड्रमर. मिक्सर माझ्या हाय-हॅटशेजारी रॅकच्या पेटीत असतो. सोळा माइक प्रीॲम्प (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारे इनपुट), वर दोन लाइन इनपुट, मॉनिटरला सहा ऑक्स. तुमची यादी बसून जागा उरते. जाडजूड मल्टिकोअर (सगळ्या माइकची एकत्र केबल) ओढावी लागत नाही, सगळे माइक स्टेजवरच्या पेटीतच. तुमचे ट्रॅक लॅपटॉपमधून यूएसबीनेच आत घेता येतील, त्याला वेगळी केबलही नको.

एकच लक्षात ठेवा. त्याचा आतला वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचा आहे. सरावाला चालतो, कार्यक्रमाला बाहेरचा राउटर लावाच.

चौथी तार

दादा, आधी हे सांगते की गायिकेचा घसा बसला तो तुमच्यामुळे नाही. दोन ऑक्समध्ये पाच जणांना ऐकवणं कुणालाच जमत नाही. मी बेस वाजवते आणि आमचा साउंडही मीच बघते, म्हणून तुम्ही लिहिलंय ते वाचताना पोटात कालवलं.

मिक्सर घेताना सगळे इनपुट मोजतात. तुम्ही आउटपुट मोजा. बारा इनपुट आहेत, सोळात मावतील, तो प्रश्न तिथेच मिटला. आता प्रत्येकाच्या कानाशी काय जाणार ते कागदावर लिहा. पाच माणसं, पाच वेगळे मॉनिटर, म्हणजे पाच ऑक्स. सहा असले की एक शिल्लक. तुमच्या यादीतल्या तिन्ही मिक्सरमध्ये निदान इतकं आहे, त्यामुळे तुमचा खरा त्रास यांपैकी कुठल्याही एकाने संपेल.

पण ऑक्स मिळाले म्हणून मॉनिटर आपोआप चांगले होत नाहीत. माझ्या पद्धतीने सांगते.

सगळे ऑक्स प्री-फेडर ठेवा, म्हणजे बाहेरच्या लोकांसाठी तुम्ही फेडर हलवला तरी स्टेजवर कुणाचं काही बदलत नाही. गेन (माइकचा सिग्नल आत येतानाच किती वाढवायचा ते) साउंडचेकला एकदा लावा आणि मग त्याला हात लावू नका. गेन सगळ्यांच्या आधी येतो. गायिकेचा गेन ३ डीबीने वाढवलात तर पाचही मॉनिटरमध्ये ती ३ डीबीने वाढते आणि त्यातला एखादा शिट्टीच्या उंबरठ्यावर असतोच. डिजिटलमध्ये ० डीबीच्या वर काही नाही, तिथे आवाज थेट फाटतो. म्हणून गेन लावताना सरासरी उणे १८च्या आसपास आणि जोरातली ओळ उणे १०च्या आत राहील असं बघते. काटा लाल रंगाजवळ नाचला पाहिजे ही जुन्या टेप रेकॉर्डिंगमधली सवय इथे सोडून द्यायची.

गायिकेच्या चॅनलला १०० हर्ट्झचा हाय-पास लावा. खालचा घुमारा आणि माइक हाताळल्याचे धक्के निघून जातात. मग तिच्या मॉनिटरच्या ग्राफिक ईक्यूवर (खालच्या-वरच्या सुरांच्या पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करायची सोय), बँड गप्प असताना, आवाज हळूहळू वाढवत न्या. जी पट्टी आधी शिट्टी मारेल ती ३-४ डीबी खाली. पुन्हा वाढवा, दुसरी पट्टी सापडेल. तीनचार पट्ट्यांवर थांबा, त्यापुढे कापत गेलात तर मॉनिटर पोकळ वाजायला लागतो आणि ती पुन्हा ‘ऐकू येत नाही’ म्हणते. हे सगळं ॲनालॉगवर करायचं तर प्रत्येक मॉनिटरला वेगळा ईक्यू रॅकमध्ये लावावा लागायचा. डिजिटल मिक्सरने छोट्या बँडला दिलेलं खरं सुख हे आहे. रिव्हर्ब, कॉम्प्रेसर वगैरे त्यानंतर.

आता टॅबच्या भरवशाबद्दल. एक प्रसंग सांगते. मिक्सर आणि जागा कोणती ते महत्त्वाचं नाही. साउंडचेकला हॉल रिकामा होता. टॅब हातात घेऊन मी शेवटच्या रांगेपर्यंत फिरले, सगळं लोण्यासारखं चाललं. मग लोक आत आले आणि प्रत्येकाच्या खिशात एक फोन. दुसऱ्या गाण्यात टॅबवरचे फेडर गोठले. आवाज बंद पडला नाही, कारण मिक्सिंग पेटीत होतं, टॅब नुसता रिमोट असतो. पण गायकाच्या आवाजावर मी लावलेला डिले (प्रतिध्वनी) तसाच राहिला. गाणं संपलं, तो लोकांशी बोलायला लागला आणि त्याचा प्रत्येक शब्द तीन-तीनदा परतून यायला लागला. मी टॅबवर बोट आपटत होते आणि तो बिचारा मागे वळून माझ्याकडे बघत होता. ती नजर मी विसरलेले नाही.

२.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. त्यात शेकडो फोन आले की आपला टॅब त्यांच्याच गर्दीत उभा. शिवाय माणसाच्या शरीरात पाणी आणि या लहरी पाण्यात जिरतात. म्हणून रिकाम्या हॉलमधली चाचणी खरी धरू नका. त्यानंतर मी हे करते: स्वतंत्र राउटर, ५ गिगाहर्ट्झ, चॅनल हाताने ठरवून ३६ ते ४८ मधला. त्याच्या वरचे ५२ ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घ्यायचे असतात. राउटरला तिथे रडारसारखं काही जाणवलं तर तो नियमाने चॅनल सोडतो आणि तुमचा टॅब तेवढ्यापुरता अनाथ होतो. राउटर जमिनीवर नाही, माइक स्टँडवर, माणसांच्या डोक्यापेक्षा उंच. टॅबचं मोबाइल डेटा बंद, कारण या वायफायला इंटरनेट नसतं आणि बरेच फोन-टॅब ‘इथे इंटरनेट नाही’ म्हणून परस्पर मोबाइल डेटावर उडी मारतात. आणि लॅपटॉप एक केबलने राउटरला जोडलेला. टॅब गेला तरी केबल जात नाही.

हे मी मिक्सरपासून दूर उभी राहते म्हणून. तुम्ही तर मिक्सरच्या शेजारी बसणार! मग मधे वायफाय हवंच कशाला? माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या डाव्या हाताला स्वतःचा स्क्रीन असलेला मिक्सर असावा. टॅब असू द्या, पण दुसरा पर्याय म्हणून.

४८ की ९६, यावर झोप घालवू नका. ४८ किलोहर्ट्झमध्ये २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिपता येतो आणि माणसाचा कान २०च्या वर जात नाही. ९६ने मिक्सरमधला उशीर थोडा कमी होतो, इतकंच. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. दीड मीटरवरच्या मॉनिटरमधून ड्रमरला आवाज पोचायलाच चार मिलिसेकंद लागतात. त्यापुढे मिक्सरचा एखादा मिलिसेकंद कुणाला कळणार?

जुना फेडर

वरच्या ताईंशी बहुतेक सहमत, पण काचेवरच्या फेडरबद्दल माझं मत वेगळं आहे.

कीबोर्ड वाजवताना तुमचा एक हात एखाद्या क्षणासाठी मोकळा होतो. त्या क्षणात खरा फेडर न बघता सापडतो. बोटाला कळतं की हा तिसरा आहे. काचेवर आधी बघावं लागतं, मग बोट ठेवावं लागतं आणि घामेजलं बोट कधी उमटतं, कधी नाही. उन्हात तर पडदा दिसतही नाही. एक्स३२ कॉम्पॅक्टवर मोटरचे सतरा फेडर आहेत. ‘सेंड्स ऑन फेडर’ दाबलं की तेच फेडर गायिकेच्या मॉनिटरचं मिश्रण दाखवायला धावतात. बघता क्षणी कळतं की तिच्याकडे काय जातंय.

दुसरं म्हणजे यंत्राचं आयुष्य. मॅकीचा डीएल१६०८ २०१२ साली आला तेव्हा सगळे थक्क झालो होतो. आयपॅड थेट मिक्सरमध्येच बसवायचा! कनेक्टर ३० पिनांचा. त्याच वर्षी ॲपलने नव्या आयपॅडला लाइटनिंग दिलं. मॅकीने पुढे लाइटनिंगचा मिक्सरही काढला, पण ज्याने पहिला घेतला होता त्याला जुना आयपॅड जपणं आलं. मिक्सर दहा वर्षं टिकतो, टॅब इतका टिकत नाही आणि ॲप कधीपर्यंत नव्या टॅबवर चालेल ते मिक्सर बनवणाऱ्यावर अवलंबून. ज्या मिक्सरवर स्वतःची बटणं आहेत तो या चक्रातून सुटतो.

जुना वापरलेला घेणार असाल तर प्रत्येक फेडर वर-खाली करून बघा, मग एखादा सीन (साठवून ठेवलेली सगळी मांडणी) लोड करून सगळे एकदम जागेवर पोचतात का बघा. अडखळणारा फेडर लगेच कळतो.

कीबोर्डच्या मागून

ताई, तुमचा पहिला परिच्छेद मी गायिकेला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘हेच मी तुला सांगत होते.’

दोघांचंही पटतंय, त्यामुळे पंचाईत वाढली आहे. आणखी एक. ड्रमर आणि गायिका इन-इअरवर (स्पीकरऐवजी कानातल्या इअरफोनवर) जायचं म्हणताहेत. मग सहा ऑक्स पुरतील का? आणि एक्स३२ला सोळा बस (मिक्सरच्या आतल्या मिश्रणाच्या वाटा) आहेत असं वाचलं, म्हणजे तो इथे फारच पुढे नाही का?

चौथी तार

बस किती आणि मागच्या बाजूला खरे सॉकेट किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉम्पॅक्टला बस सोळा, पण एक्सएलआर आउट आठ. त्यातले दोन मेन स्पीकरला गेले की राहिले सहा. वर जॅकचे सहा ऑक्स आउट आहेत, तेही मॉनिटरला वापरता येतात. सोळा नाही, तरी बारा म्हणजे पुष्कळच.

इन-इअर मोनो घेतलं तर माणशी एक ऑक्स, स्टिरिओ घेतलं तर दोन. ड्रमर आणि गायिका स्टिरिओ, बाकी तिघांना साधे मॉनिटर: चार अधिक तीन, सात. सहाच्या मिक्सरमध्ये एकाने कमी पडतं. मग ड्रमरला मोनो द्या, स्टिरिओ गायिकेला. कानात स्टिरिओ मिळालं की कीबोर्ड डावीकडे, गिटार उजवीकडे सरकवता येते, मधली जागा तिच्या आवाजाला मोकळी राहते आणि तिला तो कमी पातळीवरही ऐकू येतो. घशाची काळजी आहे तर ही जोडी तिलाच द्या. ड्रमरला क्लिक (तालाचा ठोका), बेस आणि गाणं स्वच्छ मिळालं की मोनोत भागतं.

एक्सआर१८ आणि एक्स३२ दोघांनाही अल्ट्रानेट नावाचं सॉकेट आहे. एका नेटवर्क केबलवरून सोळा चॅनल निघतात आणि पी१६ नावाचा छोटा मिक्सर प्रत्येकाच्या स्टँडवर लावला की ज्याने त्याने आपलं मिश्रण करायचं. ऑक्स एकही खर्च होत नाही. पुढे सगळेच इन-इअरवर गेलात तर हा रस्ता आहे. सीक्यूमध्ये फोनवरच्या ॲपने आपापला मॉनिटर सांभाळता येतो, पण आउटपुट मेन सोडून सहाच.

इन-इअरबद्दल एक कळकळीची विनंती. त्या आउटवर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारी सोय) लावल्याशिवाय कुणाच्याही कानात काही घालू देऊ नका. कुणी फँटम (केबलमधून माइकला जाणारी वीज) चालू असताना माइकची केबल उपटली की जो धडाका होतो तो मॉनिटरमध्ये नुसता दचकवतो, कानात मात्र इजा करतो. आवाज शून्यावर ठेवून इअरफोन घालायचे आणि मग वाढवायचा, दर वेळी. आणि लोकांकडे तोंड केलेला एक माइक त्यांच्या मिश्रणात थोडा द्या. नाहीतर गायिकेला बंद खोलीत गातोय असं वाटतं आणि ती दुसऱ्याच गाण्यात इअरफोन काढते. तो माइक तुमच्या यादीत तेरावा.

खऱ्या फेडरबद्दल जुना फेडर म्हणतात ते मला मान्य आहे. पण कॉम्पॅक्ट कीबोर्डशेजारच्या स्टँडवर मावेल का, हे मोजपट्टी घेऊन बघा. रोज उचलणार कोण, हेही. माझं मूळ मत कायम आहे, तरी आधी दोन्ही प्रकार एकेका सरावाला कुणाकडून तरी मागून आणा.

रिमशॉट

मागून आणलात तर सरावाचं मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग करा. सीक्यू-१८टी एसडी कार्डवर करतो, एक्सआर१८ला यूएसबीने लॅपटॉप लागतो, तो अठरा ट्रॅक घेतो. मग घरी सगळे झोपले की तेच ट्रॅक परत चॅनलमधून वाजवायचे आणि निवांत ईक्यू लावायचा. माझ्या स्नेअरचा आवाज आम्ही असाच शोधला, तीन रात्री लागल्या. बँड समोर उभा असताना इतका वेळ कुणी देत नाही.

आणि यूपीएस. वीज क्षणभर गेली तर ॲनालॉग मिक्सर डोळा मिचकावून पुढे चालतो, डिजिटल पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तेवढा वेळ स्टेजवर फार लांब वाटतो. आमचा मिक्सर यूपीएसवर होता, राउटर विसरलो होतो. आता दोन्ही.

जुना फेडर

सीन लोड करण्याबद्दल राहिलं. दर गाण्याला वेगळा सीन करायचा मोह होतो, सुरुवातीला टाळा. चालू कार्यक्रमात सीन बदलला आणि त्यात गेन, ऑक्स धरलेले असले, तर साउंडचेकनंतर जे जे हाताने सुधारलं ते सगळं पुसलं जातं. एकच सीन, त्यावर रिव्हर्ब आणि डिलेसाठी एक म्यूट बटण, इतकं पुरे. सॉफ्टवेअरचं अपडेट कार्यक्रमाच्या आठवड्यात करू नका. केलंत तर मिक्सर आणि ॲप दोन्हींचं करा आणि एक सराव घ्या.

कीबोर्डच्या मागून

दोन रविवार, दोन मिक्सर. दोन्ही ओळखीच्या बँडकडून मागून आणले.

एक्स३२ कॉम्पॅक्ट लावला तेव्हा जुना फेडर यांचं म्हणणं हाताला पटलं. सेंड्स ऑन फेडर दाबून गायिकेचं मिश्रण दहा सेकंदांत केलं. पण तो कीबोर्डशेजारी मावला नाही. मागे टेबलावर ठेवला, म्हणजे प्रत्येक वेळी मला पाठ फिरवावी लागली, आणि बँडकडे पाठ करून मला वाजवता येत नाही.

सीक्यू-१८टी जुन्या मिक्सरच्या जागी बरोबर बसला. फेडर नाहीत ही उणीव पहिला तासभर जाणवली. मग असं लक्षात आलं की मॉनिटर एकदा नीट लागले की मला फार काही हलवावंच लागत नाही. आधी मी सतत हात घालत होतो कारण ते कधी लागलेच नव्हते. डिलेचं म्यूट पायाच्या स्विचवर घेतलं, त्यामुळे ताईंच्या त्या प्रसंगाची भीती गेली.

गायिकेला स्टिरिओ दिलं, केबलवाले इन-इअर, लिमिटर लावून. लोकांकडे तोंड केलेला माइक तेराव्या चॅनलवर. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात एक वरची जागा आहे, ती आजवर ती जोर लावूनच घ्यायची. त्या दिवशी ती तिथे हलकेच गेली. गिटारवाला वाजवायचा थांबला, बाकीचेही थांबले. तिने इअरफोन काढून विचारलं, काय झालं? कुणालाच नीट सांगता येईना. मग तिनेच तो अंतरा पुन्हा घ्यायला लावला.

सीक्यू घेतोय. एक्स३२ ज्यांचा होता त्यांचे आणि तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ड्रमरचं अजून ठरलेलं नाही. त्याला मोनोत बेस हवा तसा लागत नाही म्हणतो. रिमशॉट, तुमच्या कानात बेस किती आणि किक किती असते, ते एकदा लिहाल का?

रिमशॉट

किक जवळजवळ नाहीच, ती पायाला कळते. बेस भरपूर, आणि बेसच्या चॅनलला मिडमध्ये ८०० हर्ट्झच्या आसपास थोडी उचल, म्हणजे छोट्या इअरफोनमध्येही त्याच्या बोटांचा ठोका ऐकू येतो. पण ती उचल बाहेरही जाते, म्हणून बेसची डीआय दोन चॅनलवर घ्या: एक लोकांसाठी, एक फक्त कानांसाठी. तुमच्याकडे तेरा भरलेत, चौदावा मोकळा आहे.